उजवीकडे

साडेआठला कॉल आहे.
युटिकात कालपासून बर्फ थांबलेला नाही
आणि मी एका क्रियापदाशी अडून बसलोय.

सरकारी दळणवळण विभागाचा महसूल
गेल्या वर्षीच्या याच तिमाहीपेक्षा
अकरा टक्क्यांनी – काय?
मी लिहिलं 'घटला'. वकिलांनी राहू दिलं.
खोडलं हॅलोरननं, आमच्या वित्तप्रमुखानं.
"घटला म्हटलं की शेअर घटतो," म्हणाला,
"ऑर्डरी उजवीकडे सरकल्या, असं लिही."

आमच्या धंद्यात काळ आडवा असतो.
डावीकडे येऊन गेलेले पैसे,
उजवीकडे येतील म्हणतात ते.
वॉशिंग्टनला अर्थसंकल्प अडला
की सगळं चार बोटं उजवीकडे जातं:
लष्कराचे सातशे रेडिओ,
तटरक्षकांच्या अँटेना,
अलास्कातल्या कुठल्याशा टेकडीवरचा तो मनोरा,
ज्याचं उद्घाटन मी तीनदा टाइप केलंय.
माझ्या गाडीचा हप्ता तेवढा
जागचा हलत नाही.

हातातल्या ऑर्डरी सहा कोटी वीस लाख डॉलर.
हा आकडा आम्ही ठळक छापतो.
त्यातल्या निम्म्यांना पैसे मंजूर नाहीत –
लग्न ठरलंय, मुहूर्त निघायचाय –
हे तळटीपेत, मुंगीच्या अक्षरात.

काल कँटीनमध्ये सेनादा कुर्तागिच
सूप गार होऊ देत बसली होती.
बावीस वर्षं खालच्या मजल्यावर डाग देते,
कपाळावर भिंगाच्या पट्ट्याचा वळ.
महिन्यापासून तिचा शुक्रवार बंद आहे, बिनपगारी.
"तू वर लिहितोस ना ते,"
तिनं विचारलं, "उजवीकडे म्हणजे नेमकं कुठे?"
मी रुमालावर रेघ काढून दाखवली.
इथे आपण. इथे ऑर्डर. आता इथे.
रद्द नाही झालेली. फक्त.

ती रेघेकडे बघत राहिली.
मग म्हणाली, बिहाचला वेढा होता तेव्हा
मामा तळघरातून रेडिओ चालवायचा, हौशी माणूस,
वीज नव्हती, मी सायकलचं पेडल मारायचे,
अकरा वर्षांची, पाय जेमतेम पोचायचे.
जिन्यावर माणसांची रांग.
प्रत्येकाला वीस शब्द, जास्त नाही:
जिवंत आहोत. मीठ संपलं. आजी गेली. तुम्ही कसे. ओव्हर.
पलीकडून कधी दोन दिवसांनी यायचं उत्तर,
कधी महिन्यानं. मी चिठ्ठ्या वाटायचे.

"आमचे वीस शब्द बाबांना होते,"
तिनं बोट रेघेवर ठेवलं, टोकाशी,
आणि रुमाल संपला तरी टेबलावरून
तसंच पुढे नेलं, मिठाच्या डबीपर्यंत.
"अजून इकडेच कुठेतरी आहेत."

मला काही सुचलं नाही.
मी म्हटलं, सूप.

आता आठ एकोणतीस. वाट बघायला लावणारं पियानोचं संगीत.
हॅलोरन घसा साफ करतो,
माझं वाक्य वाचतो, माझंच म्हणायला हवं आता:
ऑर्डरी उजवीकडे सरकल्या. मागणी भक्कम आहे.
मग बॉस्टनचा एक तरुण आवाज विचारतो,
महसूल खाली, मग मार्जिन दीड टक्का वर कसं?
"खर्चावरची शिस्त," हॅलोरन म्हणतो, ताबडतोब.
ते उत्तरही मीच लिहून ठेवलं होतं, पान सात.
पान सातवर शुक्रवार हा शब्द नाही.

नऊ वाजता शेअर दोन सेंट वर.
मी उगाचच जिना उतरून खाली जातो.
चाचणीच्या बाकावर सेनादा बसलीय,
आज तिकडची बाई बर्फामुळे आलेली नाही.
बटण दाबून ती एक ते दहा मोजते
कोरड्या, नियमाच्या इंग्रजीत. बटण सोडते.
नियम सांगतो, तीन सेकंद ऐका, खूण करा, पुढचा संच घ्या.

मी दारात उभा राहून मोजतो.
चार. पाच.
हिरवा दिवा केव्हाच लागलाय.
सहा.